तुळजाबाईची सावड

१

नाव हैबतराव असलं तरी माणूस भित्रा होता. माशांना तो भीत नसे. उघड्या हातानं पोळं उचलायचा. भ्यायचा तो माणसांना. साहेबाला भ्यायचा, तलाठ्याला भ्यायचा, एस.टी.त शेजारच्याचं गाठोडं मांडीवर आलं तरी 'असू द्या, असू द्या' म्हणायचा. खात्यानं त्याला खेड्यांतून मधमाशा पाळायला शिकवायच्या कामावर घेतलं होतं आणि तीन वर्षं झाली तरी कायम केलं नव्हतं. आपली एखादी चूक कुणाच्या नजरेला पडेल या धास्तीतच त्याचा दिवस उगवायचा आणि मावळायचा.

सत्तावन्न सालची गोष्ट. महिन्यातून दोनदा, एकादशी झाली की दुसऱ्या दिवशी तो पौडहून निघायचा, मुळशीला उतरायचा आणि धरणाच्या फुगवट्याच्या कडेकडेनं दोन तास चालत वरच्या वाडीला यायचा. धरण झालं तेव्हा खालचं गाव पाण्यात गेलं नि उरलेली माणसं डोंगराच्या कडेला चढून बसली, तीच ही वाडी. घरं वीस-बावीस, मधपेट्या आठ. खांद्यावरच्या पिशवीत जाळीची टोपी, एक बोथट पटाशी आणि धुराडं, म्हणजे माशांना शांत करायला धूर सोडायचा पत्र्याचा डबा. वाडीत त्याला सगळे माशीमास्तर म्हणत आणि त्यालाही ते आवडायचं.

पाच नंबरची पेटी तुळजाबाईची. चाळिशीची बाई, नवरा होडी उलटून गेलेला, मूलबाळ नाही, घरात एकटी. घरामागं फणसाखाली दगडावर पेटी. सगळ्या कामकरी माशा बायकाच असतात असं मास्तरानं पहिल्या खेपेला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली होती, "मंग बराबर. तरीच कामं व्हत्यात." तेव्हापासून ती माशांना पोरी म्हणायची. आठांत तिचीच पेटी सगळ्यांत भरलेली असे.

चैत्रातल्या खेपेला ते घडलं. त्या सकाळी मास्तरानं तिच्या पेटीतली ताजी अंडी असलेली पोळ्याची एकुलती चौकट काढून भिवाजीच्या दोन नंबरच्या पेटीत घातली होती, कारण ती पेटी अशक्त होती. एकीची चौकट दुसरीला देणं हे नेहमीचंच. मग परत येऊन तो तुळजाबाईची पेटी लावायला लागला. ती झाकण धरून शेजारी उभी. शेवटची चौकट खाली सोडताना त्याच्या हातून निसटली आणि खाली काहीतरी चिरडल्यासारखं लागलं. उचलून पाहिलं तर राणी. लांबट, काळपट, अर्धी चेपलेली. पाय अजून हलत होते. तिच्या शेजारी एक कामकरी माशी डावा पंख फाटून लंगडत फिरत होती.

हैबतराव इतका दचकला की हातातलं तापलेलं धुराडं बाजूला नेताना ते तुळजाबाईच्या उजव्या मनगटावर टेकलं. ती "स्स" इतकंच म्हणाली. झाकण सोडलं नाही. मनगटावर धुराड्याच्या काठाची लालभडक कोर उमटली.

"फार भाजलं का हो?"

"न्हाई. तुमचंच काय झालं ते बगा. तोंड पांढरं पडलंय."

"काही नाही. सगळं नीट आहे," असं म्हणत त्यानं राणी रुमालात घेतली आणि रुमाल खिशात घातला.

नीट काहीच नव्हतं. पेटीत ताजी अंडी असती तर माशांनी त्यांतून नवी राणी घडवली असती, पण ती चौकट त्यानंच सकाळी नेली होती. भिवाजीचं परसू तिथून ऐंशी पावलांवर. जायचं आणि चौकट परत आणायची, एवढंच करायचं होतं. पण भिवाजी विचारणार, का? मग सांगावं लागणार, माझ्या हातून राणी मेली. हैबतराव ती ऐंशी पावलं चालला नाही. पुढं आयुष्यात तो कित्येक मैल चालला, पण ती पावलं राहूनच गेली.

२

पुढची खेप त्यानं पोटदुखीच्या नावाखाली चुकवली. वैशाखात आला तेव्हा तुळजाबाईचं घर यायच्या आधीच त्याला आवाज ऐकू आला. राणी असलेली पेटी एका सुरात गुणगुणते. राणी गेली की त्या सुरात कण्हणं मिसळतं, आजारी माणूस भिंतीकडं तोंड करून कण्हतो तसं.

त्यानं पेटी उघडली. चौकटीतल्या घरांवर मेणाच्या गोल, फुगीर टोप्या, आणि प्रत्येकीच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक. ती नरांची घरं. बाकीच्या घरांत चार-चार अंडी, कडेला कशीही चिकटवलेली. एक माशी शेपूट घरात घालून बसली होती. तिचा डावा पंख फाटका होता.

"पोरं झाली की," तुळजाबाई म्हणाली. "मंग तोंड का पाडलंय?"

"राणी गेली, तुळजाबाई."

"कशी?"

हैबतरावानं तिच्या मनगटाकडं पाहिलं. कोर आता काळी पडली होती. "जाते कधीकधी," तो म्हणाला, आणि तिनं पुढं काही विचारू नये म्हणून घाईघाईनं शिकवायला लागला. राणी नसली की कामकरी माशाच अंडी घालायला लागतात. त्यांचा नराशी कधी संबंध आलेला नसतो. तरी अंडं फळतं, पण त्यातून नर तेवढे निपजतात. नर काम करत नाहीत, मध आणत नाहीत. जुन्या माशा मरत जातात आणि पेटी आषाढाच्या आत रिकामी होते.

तुळजाबाई पदर सारखा करत ऐकत होती. "नवऱ्याबिगर पोर?"

"माशांत होतं तसं."

"आनि पोरगाच? पोरगी न्हाई?"

"पोरगी नाही होत."

"कदीच न्हाई?"

"पुस्तकात तरी नाही."

ती थोडा वेळ पेटीकडं बघत राहिली. "आनि काम कराया हात पायजे असले तर? मंग काय करायचं त्येंनी?"

"काय करणार. मरतात."

"असं मुकाट्यानं कोन मरतंय," तुळजाबाई म्हणाली, आणि झाकण त्याच्या हातातून घेऊन तिनं स्वतःच पेटीवर ठेवलं.

३

त्याच दुपारी भैरोबाच्या देवळापुढं चार माणसं बसली होती. भिवाजी त्यांत होता. वाडीत त्याच्या शब्दाला वजन, कारण तो उगाच बोलायचा नाही. त्याची बायको रंभाबाई आणि आणखी दोघी-तिघी खांबाआड उभ्या होत्या. लावणीच्या वेळी वाडीतल्या बायकांना कामाला लावायची ती रंभाबाईच.

"मास्तर, पाच नंबर बसली म्हनं," भिवाजी म्हणाला. "आमच्या पेट्यांला तर काय व्हनार न्हाई न्हवं?"

"नाही नाही. तुमच्या ठणठणीत आहेत."

"मंग तिचीच का बसली? शिवाशिव झाली का?"

पहिल्याच वर्षी बायकांनी आपसांत ठरवून टाकलं होतं की विटाळाच्या चार दिवसांत पेटीकडं फिरकायचं नाही. पुस्तकात असलं काही नव्हतं. पण तेव्हा मास्तरानं हसून मान हलवली होती, चार लोकांच्या विरुद्ध कशाला जा म्हणून. आता फक्त 'नाही' म्हणायचं होतं. त्याच्या खिशात काडेपेटी होती आणि काडेपेटीत ती राणी होती. टाकवत नव्हती म्हणून त्यानं ठेवली होती. त्यानं खिशावर हात ठेवला.

"झाली असेल," तो म्हणाला.

खांबाआड कुजबुज झाली. मग रंभाबाईचा आवाज आला, "पेटीपाशी जी लपवती ती रोपापाशी बी लपवंल. औंदा तिला सावडीत घ्यायची न्हाई."

सावड म्हणजे आज सगळ्या जणी माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. भाताचं रोप वाफ्यातून काढून चिखलात लावायला आठ-दहा दिवस मिळतात, मग रोप जून होतं. एकट्या बाईच्यानं ते व्हायचं नाही. सावड तुटली म्हणजे तुळजाबाईचं खाचर पडीक राहणार आणि वर्षाचा तांदूळ गेला, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. हैबतरावालाही कळत होतं. त्याला स्वतःची किळस आली. पण तो पुढ्यातला चहा संपवून उठला आणि एस.टी. चुकेल म्हणाला.

४

मधली खेप चुकवून ज्येष्ठात तो आला तो पेटी उचलून न्यायच्या तयारीनं, बरोबर सुतळी घेऊन. खात्याला त्यानं आधीच कळवून टाकलं होतं, 'क्र. ५ बंद'. फणसापाशी आला आणि थबकला. पेटी एका सुरात गुणगुणत होती. दाराशी माशांची ये-जा अगदी भरात होती.

त्यानं झाकण काढलं. चौकटीभर सपाट टोप्या. सपाट टोपी म्हणजे कामकरी, म्हणजे मादी. राणी असल्याशिवाय हे व्हायचं नाही, म्हणून त्यानं राणी शोधली. एकेक चौकट उजेडाकडं धरून, एकदा, दोनदा, तीनदा. राणी नव्हती. तेवढ्यात एक टोपी आतून कुरतडली गेली आणि नवी माशी बाहेर आली. ओली, करडी, पायांवर नीट उभी न राहणारी. तिनं पंख पसरले. डावा पंख फाटका होता. शेजारची टोपी उघडली. त्या माशीचाही डावाच, त्याच जागी. तिसरी टोपी हलायला लागली तेव्हा त्यानं चौकट खाली सोडली.

रोग असेल, त्यानं मनाशी म्हटलं. कीड लागली की पंख बिघडतात. बिघडतात खरे, पण सगळ्यांचे एकाच ठिकाणी, जन्मायच्या आधी फाटलेले? माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की फार बारीक बघत नाही. त्यानंही झाकण लावलं आणि पुढच्या दाराला आला.

तुळजाबाई पडवीत इरलं विणत होती. वेळूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पळसाची पानं. ते डोक्यावरून पाठीवर घेतलं की पावसात वाकून लावणी करता येते. भाजल्यापासून उजवं मनगट नीट वळत नव्हतं म्हणून ती डाव्या हातानं गाठी मारत होती, आणि गाठींचा पीळ उलटा पडत होता. पडवीच्या वाशाला आणखी तीन इरली टांगलेली. सगळ्यांना एकाच हिरव्या लुगड्याच्या चिंध्या, सगळ्यांची गाठ उलटी.

"रिकामी झाली का?" तिनं मान वर न करता विचारलं.

"नाही."

"मला ठाव हुतं."

"चार इरली कशाला?"

"लागत्याल. सावडीतनं काढलं मला. कळलं असंल."

"हो."

"का काढलं ते?"

त्यानं आपल्या पायांकडं पाहिलं. "हो."

"मी शिवले न्हवते, मास्तर." तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे त्याला आणखीच लाज वाटली. "तुमास्नी सांगून ठिवते. दुसऱ्या कुनाला सांगून उपेग न्हाई."

आता सांगावं. आता नाही तर कधी. त्यानं तोंड उघडलं, आणि आत, अंधाऱ्या घरात, भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज झाला. कुणीतरी घासून पुसून पालथं घालावं तसा, सावकाश.

"आत कोण आहे?"

"माज्याकडं कोन येतंय आता," तुळजाबाई म्हणाली आणि दातांनी गाठ ओढली.

५

पौडच्या खोलीत त्यानं पुस्तक काढलं. वाक्य पाठच होतं, तरी बोट ठेवून वाचलं. राणी नसलेल्या पेटीत कामकरी माशांच्या अंड्यांतून फक्त नर निपजतात. अशी वसाहत टिकत नाही. त्यानं काडेपेटी उघडली. राणी होती, वाळून चिमटलेली. म्हणजे ती मेली हे तरी खरं. बाहेरून दुसरी राणी शिरली असेल. मग दिसली का नाही? लपली असेल. आणि फाटके पंख? भांड्यावर भांडं? मांजर असेल. तुळजाबाईकडं मांजर नव्हतं. शेजारचं असेल, वाडीत मांजरांना काय तोटा.

वरच्या साहेबाला लिहून विचारता आलं असतं. पण जी पेटी आपणच कागदावर बंद केली ती गुणगुणते आहे, हे कोणत्या तोंडानं लिहायचं? म्हणजे तीही वाट त्यानं स्वतःच्या हातानं बुजवून ठेवली होती. प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडं काही ना काही उत्तर होतं. मी शिवले नव्हते, या एकाच वाक्याला नव्हतं.

सकाळी दाढी करताना त्याच्या ध्यानात आलं की आपण आरशात गाल बघतो, हनुवटी बघतो, डोळ्यांकडं बघत नाही. किती दिवस असं चाललं होतं कोण जाणे.

६

आषाढात तो वाडीच्या खिंडीत आला तेव्हा लावणी ऐन रंगात होती. पाऊस धरणाच्या पाण्यावरून सरकत वर येत होता. भिवाजीच्या खाचरात रंभाबाईची सावड लागली होती, दहा-बारा जणी, आणि त्यांचा गलका खिंडीपर्यंत पोचत होता. कुणाची तरी थट्टा चालली होती, कुणीतरी हसून हसून चिखलात बसली होती.

त्याच्या खालच्या अंगाला तुळजाबाईचं खाचर. तिथंही ओळ लागली होती.

हैबतरावानं मोजली. पाच इरली. पाचही वाकलेली, पाचही एकाच उंचीची. त्यांच्यातून बोलण्याचा आवाज येत नव्हता. हात खाली जायचे, रोप चिखलात टोचायचे, वर यायचे, आणि पाऊल मागं पडायचं. चिखलाचा आवाज मात्र इथवर यायचा. चुळुक. थोडं थांबून पुन्हा चुळुक. हात पाच आणि आवाज एकच.

रंभाबाई बांधावर पाणी प्यायला आली होती. तो तिच्यापाशी जाऊन उभा राहिला.

"कुणाच्या बायका त्या?"

"डोंगरवाडीच्या असत्याल म्हनलं मी," रंभाबाई म्हणाली. "तर आमच्यात कोंडाबाई हाय तितली, ती म्हनली आमच्यातली एक बी न्हाई. तीन दिस झालं लावत्यात. सकाळी आमच्या आदी असत्यात आनि आमी गेल्यावर बी असत्यात."

"तोंडं पाहिलीत?"

"इरल्यात तोंड कुटं दिसतंय. त्या वर बगतच न्हाईत."

"त्यांतली तुळजाबाई कुठली?"

रंभाबाईनं कपाळावर हात धरून खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "त्येच म्हनते मी," ती हलक्या आवाजात म्हणाली. "वळखाया जावं तर सगळ्याच..." ती पुढं बोलली नाही. तांब्या खाली ठेवून पुन्हा चिखलात उतरली आणि आपल्या बायकांच्या अगदी मधोमध जाऊन उभी राहिली.

हैबतरावाला भीती वाटली. पण त्या भीतीहून मोठी अशी लाज त्याच्या पोटात तीन महिने बसली होती, आणि आज तिनं भीतीला मागं ढकललं. ही सावड कुठून आली हे त्याला ठाऊक नव्हतं. पण ती का आली हे वाडीत त्याच्या एकट्यालाच ठाऊक होतं. आज सांगायचं, त्यानं ठरवलं. आधी तुळजाबाईला, मग भिवाजीला, देवळापुढं, सगळ्यांच्या देखत.

७

त्या ओळीजवळ जायला काही त्याचे पाय धजेनात. ती जेवायला घरी येईलच, तोवर पडवीत बसू, म्हणून तो वरच्या वाटेनं तिच्या घराशी गेला. दार अर्धवट उघडं होतं. सवयीनं त्यानं हाक मारली, "तुळजाबाई."

"बसा, मास्तर," आतून आवाज आला.

तिचाच आवाज. त्याचा जीव भांड्यात पडला. ती घरात होती. म्हणजे खाली लावणी करताहेत त्या कुणी दुसऱ्याच, कुठून तरी बोलावलेल्या. दाराच्या फटीतून पाण्याचा पेला धरलेला हात बाहेर आला. मनगटावर कोर होती. काळी पडून आता पांढरट झालेली, धुराड्याच्या काठाएवढी. त्यानं पेला घेतला, खांबाला टेकून दाराकडं पाठ करून बसला, आणि पावसाकडं बघत बोलायला लागला. तोंडाकडं बघून त्याला ते सांगता आलं नसतं.

त्यानं सगळं सांगितलं. अंड्यांची चौकट, निसटलेला हात, रुमाल, काडेपेटी, न चाललेली ऐंशी पावलं. देवळापुढचे दोन शब्दही सांगितले. एकदाही स्वतःची बाजू घेतली नाही.

आतून आवाज आला, "राणी खिशात घातली तवा तिचं पाय अजून हालत हुतं."

"तुम्ही पाहिलं होतं?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी सांगाल म्हनून."

हैबतराव रडला. मोठा बाप्या माणूस, गुडघ्यांत डोकं घालून रडला. "मला माफ करा," तो म्हणाला.

"केलं. झालं ते. जावा आता."

इतक्या सहज की त्याला वाटलं, अंगावरून शंभर मणांचं ओझं कुणी उचलून नेलं. त्यानं डोळे पुसले आणि मान वर केली. खाचराकडच्या वाटेनं एक इरलं वर येत होतं.

बाई गुडघ्यापर्यंत चिखलानं भरली होती. पडवीशी येऊन तिनं इरलं उतरवलं. तुळजाबाई. केस कपाळाला चिकटलेले, दमलेली, धापा टाकत. इरलं वाशाला अडकवायला तिनं उजवा हात वर केला आणि त्या मनगटावर कोर होती.

"मास्तर? कवा आलात?"

तिनं त्याच्या हातातल्या पेल्याकडं पाहिलं. नवल वाटल्याचं काही चिन्ह नाही. "पानी दिलं व्हय," ती म्हणाली. पेला घेतला आणि न बघताच दाराच्या फटीत धरला. अंधारातून बोटं पुढं आली आणि त्यांनी तो घेतला. क्षणभर दोन मनगटं शेजारीशेजारी होती. मग एक आत गेलं.

"काय काम हुतं?" तुळजाबाईनं विचारलं.

हैबतराव उभा राहिला. तीन महिन्यांत एकदाच जे तोंडातून निघालं होतं ते पुन्हा निघेना. सांगून झालं होतं. माफीसुद्धा मिळाली होती. आणि जिला सांगायचं ती ही समोर उभी होती, की ती आत होती? चैत्रात आपण कुणाचं मनगट भाजलं, हे त्याला आता शपथेवर सांगता आलं नसतं.

"पेटी बघायला आलो होतो," तो म्हणाला.

"दुसरं काय न्हाई?"

ती त्याच्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्यानं ओळखलं आणि त्याचं त्यालाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती वाट बघत होती. अजूनही.

"नाही," तो म्हणाला.

"बरं," तुळजाबाई म्हणाली. "बगा मंग. लई भरलीया."

८

त्यानं पेटी बघितली नाही. देवळाच्या वळणावर भिवाजी भेटला, घोंगडीची खोळ घेऊन बांध फोडायला निघालेला.

"बरं झालं गावलात, मास्तर. तुमचीच याद काढली हुती सकाळी. रंभा म्हनतीया, तुळजाला सावडीत परत घिऊ. ती खालची वळ बगून बायका बावरल्यात. आपल्या वाडीतली बाई आपल्यात आसलेली बरी. आनि खरं सांगू का, ती बाई तसली न्हवती कदी." त्यानं खोळ मागं सारली. "पर तुमच्या शब्दावर काढली, तवा तुमच्याच शब्दानं घ्यायची. शिवाशिव झाली का न्हवती, सांगा बगू. मी आत्ताच बांधावरनं हाळी देतो तिला."

नव्हती. एवढंच म्हणायचं होतं. देवळापुढं माणसं नव्हती, पंच नव्हते. एका भल्या माणसाला एकच शब्द सांगायचा होता, आणि तुळजाबाई पुन्हा हसत्या बायकांच्या ओळीत उभी राहिली असती.

हैबतरावानं खाली पाहिलं. तुळजाबाई वर घरी होती. घरात तिच्याबरोबर आणखी कुणी होतं. आणि खालच्या खाचरात ओळ चालली होती, एक इरलं वर येऊनही पाचांचीच.

भिवाजी बांधावर उभा राहून हाळी देईल, तुळजा, ये गं, सावडीत ये. मग त्या ओळीतलं कोण वर बघेल? एक बघेल, की सगळ्या? आणि हाकेसरशी बांध ओलांडून रंभाबाईच्या शेजारी, कोंडाबाईच्या शेजारी किती जणी येऊन उभ्या राहतील?

"राहू द्या, अण्णा," तो म्हणाला. "यंदा नको."

"म्हंजी झाली हुती?"

"झाली होती."

भिवाजीचा चेहरा पडला. "आसं व्हय," तो म्हणाला. "मला वाटलं न्हवतं." तो फावडं खांद्यावर घेऊन निघून गेला.

हैबतराव उताराला लागला. त्याच्या डाव्या अंगाला, खाली, चुळुक आवाज झाला. थोडं थांबून पुन्हा झाला. मग झालाच नाही. तो चालता चालता वाट बघत राहिला, पण चिखलातून आवाज येईना. ओळ थांबली होती. त्या ताठ उभ्या राहिल्या आहेत आणि वाटेकडं बघताहेत, हे त्याला मान न वळवता कळत होतं. मघाशी रंभाबाईला तोंडं पाहिलीत का म्हणून विचारलं होतं, आता नुसतं बघायचं होतं. त्यानं मान खाली घातली ती मुळशीचा रस्ता येईपर्यंत वर केली नाही.

पुढच्या वर्षी खात्यानं त्याला कायम केलं.